जुना सर्व्हर बंद होईना

हसू नका, पण ओतूरच्या एका कॉलेजात डेटाबेसचं नवीन व्हर्जन टाकताना मी रडकुंडीला आलो होतो. चार वाजता प्रवेशाची यादी लावायची होती, पोरं बाहेर ताटकळलेली. नवा सर्व्हर सुरू करायला गेलो की स्क्रीनवर एकच उत्तर यायचं, जुना अजून चालू आहे. मी जुना बंद करायचो, मिनिटभरात तो परत चालू. असं सहा वेळा झालं. शेवटी बाहेरच्या खोलीत जाऊन क्लार्क तुकाभाऊंना विचारलं, "तुम्ही काही करताय का?"

माउसवरचा हात न काढता ते म्हणाले, "बंद पडला की हितनं चालू करायचा, आधीच्या सायबांनी सांगून ठेवलंय. एरवी वर्षातनं एकदा पडायचा. तुमी आल्यापासनं सारखा पडतोय राव. म्हणून तर सकाळधरनं मी च्याला बी उठलो न्हाई."