एकोणपन्नास रोपांची सरी

हसा तुम्ही, पण गणिताच्या बाईलाही भर दुपारी तंद्री लागते. वडगाव रासाईला मामांच्या रानात झेंडूची लागण चालली होती. रान नदीकडं रुंद होत गेलेलं, म्हणून प्रत्येक सरी आधीच्या सरीपेक्षा तीन रोपांनी लांब. मी बांधावर बसून मोजत होते. चाळीस, त्रेचाळीस, सेहेचाळीस, एकोणपन्नास. वर्गात घसा फोडून शिकवते ती अंकगणिती श्रेढी इथं ओल्या मातीतून आपोआप उगवत होती. वाटलं, ही अशीच तीन-तीननं वाढत थेट पाण्यात उतरेल आणि पलीकडच्या काठाला निघेल.

"मामा, आता बावन्न!" मी ओरडले.

"व्हय," मामा म्हणाले आणि त्यांनी लावली एकोणपन्नासच.

सरीत मधेच तीन रोपांची जागा मोकळी होती. म्हटलं, मामा चुकले. तीन रोपं उचलली आणि तरातरा निघाले.

"अगं थांब! पाय टाकू नगंस तिथं!"

पायाशी टिटवी किंचाळत उडाली. वाकून बघते तर खड्यांत खड्यांसारखीच ठिपक्यांची चार अंडी.

"तुझं गणित बराबर हाय," मामा म्हणाले, "पर ती आपल्या आधी आलीय."

पुढच्या सरीत मात्र पंचावन्न रोपं लागली.

आता एखाद्या मुलीच्या वहीत श्रेढी मधेच मोडलेली दिसली, की लाल पेन उचलण्याआधी मी हळूच विचारते, "इथं कोण बसलंय गं?"