खूण जागेवर, शीड ढिलं

ओलिवोसच्या धक्क्यावरच्या दुकानात दोरीसाठी रांग लागली होती. ओफेलिया मऊ दोरीचं वेटोळं हातात घेऊन उभी होती. तिच्यापुढे बहीणभावाची जुंपली होती.

“ताई, ही घे ना. हाताला लोण्यासारखी लागते.”

“लोणी पावाला लाव, लिसांद्रो! मागच्या रविवारी असल्याच दोरीने घात केला.”

“घात कसला? मी ओढली, अडकवली, दोरीवरची खूण अगदी जागेवर होती.”

“खूण जागेवर, आणि शीड तुझ्या पोटासारखं सुटलेलं! वारा भरला की दोरीच लांबायची. आणि तू खुणेकडे बघून ओरडतोयस, ‘सगळं बरोबर आहे!’”

“मग काय, ती बारीक टणक घ्यायची? हात कापेल.”

“हातमोजे घाल. हे टोक धर आणि मागं रेल. सगळं वजन टाक.”

“पडलो तर?”

“पडलास तर ही नाही घ्यायची!”

लिसांद्रो रेलला. सगळी रांग श्वास रोखून बघत राहिली. दोरी बोटभरही लांबली नाही.

“ताई! ही तर सळई आहे, सळई!”

“अन्सेल्मोकाका, आठ मीटर कापा! त्या लाल होडीवालीला उद्या पाणी पाजते. तीन शर्यती झाल्या, तिची नुसती पाठच बघतेय मी.”

दोघं नाचतच बाहेर पडले.

“तुला काय देऊ, ओफेलिया?”

ओफेलियाने मऊ वेटोळं परत खुंटीला अडकवलं.

“त्यांनी नेली तीच द्या, काका. लाल होडीलाही आठ मीटरच लागते.”