सगुणाबाईनं ओढलेली काडी

मृदंगवाले बुवा, थाप जरा थांबवा. टाळकरी, तुम्हीही. आता जे सांगायचंय ते वाजवून सांगण्यासारखं नाही.

मंडळी, एक प्रश्न विचारतो. ज्याच्यामुळं आपल्या घरचं माणूस गेलं, त्याच्यावर हात न उचलणं हा भित्रेपणा, की आणखी काही? पुढच्या रांगेतले आबा लगेच मान हलवतात — भित्रेपणाच म्हणून. आबा, मान जपून हलवा, वय झालंय. आधी ऐका.

धामणटेक नावाची वस्ती. शेजारी दगडाची खाण, खाणीला लागून क्रशर, दगड भरडून खडी करणारं यंत्र. सगळी वस्ती तिथंच कामाला. आणि धूळ कशी? भाकरीवर धूळ, पाण्यावर धूळ, तान्ह्या लेकराच्या पापण्यांवर धूळ. बाया म्हणायच्या, आमच्याकडं पावडर विकत घ्यावी लागत नाही. हसायच्या. हसता हसता खोकायच्या.

तिथं सगुणाबाई आणि तिचा नवरा रखमाजी. चौदा वर्षं रखमाजीनं त्या यंत्रात दगड टाकले. मग खोकला लागला. गावच्या डॉक्टरानं क्षयाच्या गोळ्या दिल्या, गुण नाही. शहरातल्या डॉक्टरानं छातीचा फोटो उजेडाला धरला आणि म्हणाला, "बाई, यांच्या फुप्फुसात दगडाची पूड बसलीय. ती आता निघायची नाही." रखमाजी बसून झोपायला लागला, कारण आडवं झालं की श्वास अडे. आणि एक दिवस बसल्या बसल्याच गेला. वय किती? एकोणचाळीस.

सगुणाबाई मॅनेजरकडं गेली. म्हणाली, "साहेब, धुळीवर पाणी मारा. एवढंच मागते."

मॅनेजर म्हणाला, "खोकला काय फक्त तुमच्याच वस्तीला होतो का?"

मंडळी, आता सांगा, राग येईल की नाही? तिला आला. दीर किसन आणि चौघं जण आधीच पेटलेले होते. ठरलं, क्रशर जाळायचं. भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, माणसं नसताना. डिझेलचा कॅन कुणी नेला? सगुणाबाईनं. काडी कुणी ओढली? तिनंच. म्हणाली, "माझा धनी गेलाय, मान माझा."

जाळ उठला. आणि जाळातून ओरडणं ऐकू आलं.

यंत्रामागच्या पत्र्याच्या खोलीत राखणदार भिवाजी जेवायला बसला होता. म्हातारा माणूस, परगावचा. किसन आणि बाकीचे पळाले. सगुणाबाईनं दार लाथेनं उघडून त्याला ओढून काढला. जीव वाचला. त्याचे दोन्ही हात भाजले ते भाजलेच. बोटं एकमेकांना चिकटली.

चौथ्या दिवशी ती दवाखान्यात गेली. भिवाजीच्या पायांशी उभी राहिली. भिवाजीला खोकल्याची उबळ आली — आणि ती ओळखीची होती हो. कोरडी, खरखरीत, रखमाजीचीच. ती तिथंच खाली बसली. ज्यांना शत्रू समजून यंत्र जाळलं, त्यांच्याच राखणदाराच्या छातीतही तोच दगड.

उठली ती थेट पोलिसांकडं. वाटेत किसन आडवा आला. "वहिनी, गप बस. कुणाला कळलं नाही."

"मला कळलंय," ती म्हणाली. "काडी मी ओढली, एवढंच सांगेन. तुमचं तुम्ही सांगा."

कुणी सांगितलं नाही. दोन वर्षं तुरुंगात ती एकटी गेली.

सुटून आली तर रोजी बुडवली म्हणून वस्तीत कुणी तिच्याशी बोलेना. क्रशर पुन्हा उभं, पहिल्यापेक्षा मोठं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती फाटकासमोर जाऊन बसली. पाटीवर लिहून घेतलं होतं: धुळीवर पाणी मारा. बस. दिवसभर डंपर अंगावर धुरळा उडवत गेले. दिवस मावळला की घरी, सकाळी पुन्हा हजर.

महिन्याभरानं भिवाजी आला. आखडलेले हात पोटाशी धरून शेजारी टेकला. ती रडायला लागली, तसा म्हणाला, "माफ केलं असं समजू नको. पण धूळ माझ्याबी छातीत हाय."

मंडळी, हे वाक्य जरा मुरू द्या आत.

तो तिला माफ न करता पाच महिने तिच्या शेजारी बसला. मग एक दिवस आला नाही, तो गेल्याची बातमी आली. ती त्याच्या गावी गेली, मातीला.

आणि मग ती सकाळ. मालकाची चार माणसं आली. पाटी मोडली, बाईला लाथांनी तुडवली. कपाळ फुटलं. वस्तीत बातमी गेली आणि इतके दिवस न बोलणारी माणसं काठ्या, पहारी घेऊन धावली. पुढं कोण? किसन.

सगुणाबाई उठायचा प्रयत्न करत होती. उठता येईना, म्हणून त्यांच्या वाटेवर आडवी झाली. म्हणाली, "मारायचं असलं तर माझ्यावरनं जा."

"वहिनी, त्यांनी तुला मारलं," किसन म्हणाला.

"मारलं. लई दुखतंय. पण आजबी त्या पत्र्याच्या खोलीत कोण जेवत बसलंय, तुला ठाऊक हाय का?"

किसनच्या हातातली काठी खाली आली. तो तिथंच धुळीत बसला. मग दुसरा. मग बाया. त्या दिवशी दहा-वीस जण असतील, पुढं सगळी वस्ती बसायला लागली. किसननं स्वतः ठाण्यात जाऊन आपलं नाव सांगितलं आणि सजा भोगली. तिनं त्याला नको म्हटलं नाही.

दीड वर्षानं सरकारी माणसं आली. पाण्याचे फवारे बसले, यंत्रावर पत्रा चढला, वस्तीच्या छात्या तपासल्या. अठ्ठावीस जणांच्या छातीत पूड निघाली. त्यांना आता फवारा काय करणार? अठ्ठावीसात एक नाव सगुणाबाईचं. आज ती चार शब्द बोलते, थांबते, श्वास गोळा करते, मग पाचवा बोलते. शेजारच्या खाणीच्या फाटकावर अजून जाते. किसन पाठुंगळी घेऊन जातो.

आबा, आता हलवा मान. भित्रेपणा म्हणाल?

आणि आपलं काय? हा नवा सभामंडप बांधला, पायाला खडी पडली, आपण सगळ्यांनी नारळ फोडला. ती खडी कुठल्या खाणीतून आली, कुणी विचारलं? मीही नाही. व्यासपीठावर उभा राहून दोन तास बोलतो, पण विचारलं नाही.

आता देवाचं नाव घ्यायचंय. घेण्याआधी एक लांब श्वास घ्या. आला ना पूर्ण? मग घ्या नाव. आणि उद्या सकाळी आपल्या या खडीच्या खाणीच्या फाटकाकडं कोण कोण येतंय, ते जाता जाता मला सांगा.