शेवटच्या दाढेची कॅप

दातांच्या दवाखान्यात नंबरची वाट पाहत नलिनीताई मनातल्या मनात सप्तशृंगीचं नाव घेत होत्या. शेजारी यजमान पेपरात बुडाले होते. समोरच्या बाकावर ओझरचे मायलेक बसले होते आणि त्यांचं बोलणं काही केल्या कानाआड होईना.

"उपासाचे दाणे खाल्ले अन् कॅपचा टवका उडाला. चार महिने नाय झाले."

"जोरात चावलं असशील, आई."

"मग दाढेनं काय करायचं असतं, रोहित? पोथी वाचायची?"

"मी चांगलीच निवडली होती. वरून पोर्सिलेनचा थर, अगदी खऱ्या दातासारखी."

"शेवटची दाढ बघायला कोण येतंय? डॉक्टर म्हणत होते, मागच्या दाढेला अख्खी त्या कडक झिर्कोनियाची बसवा, ती टिकते."

"ती पांढरीफटक दिसते."

"कारखान्यात विमानं जोडतो ना तू? तिथं पण दिसण्यावरच जातो का?"

"डॉक्टरांनी मला विचारलं, मी सांगितलं."

"तेच म्हणते मी. माझ्या तोंडात कापूस कोंबलेला, अन् माझ्या डोक्यावरून तुम्ही दोघं ठरवताय. माझ्या घासाचं मला विचारायला काय झालं होतं?"

"बरं, आज तू सांग."

"सांगणारच हाय. तू बाहेर बस."

तेवढ्यात आतून हाक आली.

"नलिनी देवरे. बरोबर कोण आहे? कॅप कशाची बसवायची ते ठरवायचंय, त्यांना आत पाठवा."

यजमान पेपराची घडी घालून उठले.

"अहो, तुम्ही बसा," नलिनीताई हलकेच म्हणाल्या. "चावायचं मला आहे."