पोटाला चोच असलेले बत्तीस पोपट

जबाब देणार : तक्रारीत जिला ‘एक वयस्कर बाई’ म्हटले आहे, ती. वय ६८ वर्षे. धंदा : निवृत्त, कापड छपाईच्या गिरणीत नक्षी विभागाची प्रमुख. राहणार : डोळ्यांच्या दवाखान्यासमोरची इमारत, दुसरा मजला.

विचारल्यावरून समक्ष सांगते की, पतीच्या मोतीबिंदूसाठी मी या महिन्यात चार वेळा सदर दवाखान्यात गेले. तिथे नंबर दाखवायला भिंतभर स्क्रीन आहे. नंबरांच्या मागे पोपटांची नक्षी आहे. अशी नक्षी म्हणजे एकच चौकोन शेजारी शेजारी मांडलेला. कडा अशा जुळाव्या लागतात की जोड दिसता कामा नये. इथे त्या वीतभर चुकल्या होत्या. पोपट बत्तीस, आणि प्रत्येकाची चोच पोटाला.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले आहे. दुसऱ्याच्या वस्तूला न विचारता हात लावू नये, हे सिस्टरांनी पट्टीने शिकवले. म्हणून मी तीन वेळा सांगितले. एकदा तोंडी, एकदा लेखी, एकदा चित्र काढून. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, “आजी, डोळ्यात थेंब घातलेत ना, म्हणून तसं दिसतंय.” थेंब पतीच्या डोळ्यात होते. पती म्हणाले, “मला तर छान हिरवं दिसतंय. तू बस बघू.”

मंगळवारी सकाळी १०.४० वाजता पतीला उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आत नेले. रिसेप्शनवरची मुलगी व्हीलचेअर आणायला गेली. मी तिच्या खुर्चीवर बसले. माझी सून वेबसाइटसाठी अशाच नक्ष्या करते. कॉम्प्युटर मी तिच्याकडून शिकले आणि जोड ती माझ्याकडून. मी चौकोन अर्धा सरकवून जोड मधोमध आणला आणि चोच जागेवर लावली. नऊ मिनिटे लागली. तेवढा वेळ नंबर दिसत नव्हते, हे खरे. पण नंबर कुणी विचारलाही नाही. एका डोळ्याला पट्टी असलेल्या बाई म्हणाल्या, “अहो, त्या कोपऱ्यातल्यालाही लावा.” मी म्हटले, “एकाला लावली की सगळ्यांना लागते.” बत्तीस चोची एकदम बसल्या तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक आजोबा उठून पोपट मोजू लागले आणि चाळीसपर्यंत गेले. ‘सदर बाई मोठमोठ्याने हसत होती’ असे तक्रारीत आहे. हसत होते.

दवाखान्याच्या मॅनेजरांचे म्हणणे असे की, जुनी नक्षी परत लावावी आणि माफी लिहून द्यावी. नाहीतर तक्रार राहील आणि पतीच्या डाव्या डोळ्याचे ऑपरेशन तिथे होणार नाही. त्या रात्री मी माफीचा कागद लिहून पर्समध्ये ठेवला. डोळा माझा नव्हे.

बुधवारी सकाळी पतीची पट्टी काढली. मॅनेजरांनी त्यांना स्क्रीनसमोर उभे केले आणि म्हटले, “काका, तुम्हीच समजवा यांना.” पती अगदी जवळ गेले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवत चालले, मग परत आले. मॅनेजरांना म्हणाले, “चौकोन कुठून सुरू होतो तेच सापडत नाही हो.” मग मला म्हणाले, “चल गं. डावा दुसरीकडे करू.”

तरी मी माफी लिहून देणार नाही. कागद फाडला आहे.

जबाब मला वाचून दाखवला. सांगितला तसाच उतरला आहे. पतीचे बोलणे असलेला परिच्छेद माझ्या विनंतीवरून दोनदा वाचला.