तिसऱ्या खिडकीपुढची लादी

सिडनीत एका जुन्या बँकेच्या इमारतीसमोर कॉफीच्या रांगेत उभी होते. माझ्या पुढे दोघी माय-लेकी.

"आई, शेजारचा काउंटर रिकामा आहे. तिकडे जाऊया?"

"राहू दे गं. ही मुलगी काल माझं मोडकंतोडकं इंग्लिश शांतपणे ऐकून घेत होती. बरं, या बँकेचं काम तुमच्याकडे आलंय ना, त्यातली ती झिजून खोलगट झालेली लादी काढणार तुम्ही?"

"तिसऱ्या खिडकीपुढची? हो. तिथे हॉटेल होणार, लोक अडखळतील."

"बाकीच्या खिडक्यांपुढची का नाही झिजली?"

"काय माहीत!"

"मला माहितीये. तिकडे मी बँकेत होते ना, आमच्या शाखेत इतर खिडक्या मोकळ्या असल्या, तरी लोक देवधरबाईंपुढेच रांग लावायचे. त्या कुणावर खेकसायच्या नाहीत."

"आई, ही शंभर वर्षांची झीज आहे. एका बाईने..."

"एकीने कसा झिजेल दगड? देवधरबाई रिटायर झाल्या आणि त्यांच्या खुर्चीत मी बसले. मग मला तरी खेकसायची कुठे सोय राहिली?"

"पण रिपोर्टमध्ये पुरावा लागतो गं."

"दगडाहून मोठा पुरावा कुठला?"

"थांब, फोन करते... हाय निनाद, नुपूर बोलतेय. तिसऱ्या खिडकीपुढची लादी काढू नकोस, वरून काच बसवू. हो, हेरिटेज म्हणूनच. कारण भेटून सांगते. जमेल ना? थँक्स, मेट."

शेजारच्या काउंटरवरून हाक आली, "नेक्स्ट, प्लीज!"

"नो वरीज," नुपूर म्हणाली, "वी विल वेट हिअर."