पंख्याचा खडखडाट

रविवार, ७ मे १९६७. सकाळपासून झळा, आभाळ पांढुरके, वारा नाही. मैनाबाई दुरुस्तीचा टेबल पंखा न्यायला दुकानी आल्या. त्या बोलल्या तसे लिहितो.

— आवाज कुठी गेला त्याचा, भाऊ? फिरून तं राह्यला, दिसते मले — पन आवाज? मी काय सांगतलं होतं तुमाले? पातं अडकते, तेवढं सोडवा. तुमी तं नवरदेवच करून ठेवला त्याचा! जाळीले रंग बी मारला! — नाही, वाईट नाही म्हनत मी, कामात खोट नाही तुमच्या. आमचा दीर, हिरालाल, तो म्हने, भाभी, फेको ये कबाड, नागपूरहून नवा आनतो, फिरला तरी समजत नाही असा. मीनंच नाही म्हनलं. हासले सारे. बाईले जुन्याचा मोह सुटत नाही म्हने. मोह कशाचा, भाऊ? शेजारची शांताबाई भिंतीपल्याडून विचारे, मैना, धान कांडून राह्यली का वं? — तोच आवाज पायजे होता मले.

काहून म्हंजे? असंच. सवय असते मानसाले. — आज कटंगीहून पाहुने येऊन राह्यले, आमच्या सीतेले पाहाले. बैठक आमची केवढी? मधात बांबूचा तट्टा, अन् पल्याड हे, सीतेचे बाबा. यायले खोकला हाये. सुरू झाला की थांबत नाही. शांताबाईकडं बसवू म्हनलं, तं पोरीचा बाप घरी नाही, त्या घरी पाहुने च्या तरी घेतीन का? म्हनून समोर येतीन, राम राम करतीन, अन् पान लावतो म्हनून आत जातीन. तेवढा दम धरते ते. मंग पंखा होता ना — आता काय हाये?

थंडीत लांजीचे आले होते. थंडीत पंखा कोन लावते? तिकडून खोकला आला, इकडं पोह्याची बशी खाली. निरोपच नाही आला, हौ का नाही. म्हनून उन्हाळा येऊ देला मी. डॉक्टर म्हनते लागट नाही, खदानीची धूळ हाये छातीत. मले ठाव हाये — मी कोनाकोनाले सांगत फिरू? लोक एकच नाव घेतेत. — आता तुमालेच सांगून बसली पाहा. बोलू नका कोठी. पोरीले ठाव नाही यातलं. नाही, हाये. हाये ठाव. कालपासून तीच विचारून राह्यली, माय, पंखा आला का, पंखा आला का.

ते आतलं जुनं पितळी कडं — बुश म्हनता ना तुमी — फेकलं का? त्या डब्यात पाहा ना. लावा परत. बनवता येते तं बिघडवता येत असन का नाही? — हासू नका. — हासले नाही? बरं. लावा, भाऊ. मी बसली इथंच. बोलत नाही आता.

जुने बुश डब्यात सापडले. त्याचे दोन तुकडे झाले होते. बसवून पाहिले, पाते फिरले नाही. नवे बुश परत बसवले. साडेतीन वाजता मैनाबाई पंखा घेऊन गेल्या. त्याचा आवाज येत नव्हता.